रोडस्टरच्या हेडलाइटखालच्या पट्ट्या बदलल्या, त्याची हकिकत

माझ्याकडे २०११ सालची, जर्मन बनावटीची, दोन आसनांची रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची गाडी, आहे. मी ती जुनी म्हणूनच विकत घेतली होती. या गाडीत हेडलाइटची काच आणि बंपर यांच्यामध्ये बोटभर रुंदीची, गाडीच्याच रंगाची प्लॅस्टिकची पट्टी असते आणि तिच्या खाली, बंपरमध्ये, हेडलाइट धुणाऱ्या फवाऱ्यावरचे छोटे झाकण असते. २९ जुलै २०२५ रोजी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका गल्लीत उभ्या असलेल्या माझ्या गाडीला स्कूटरचे हँडल घासले. त्यात उजव्या बाजूच्या पट्टीचे मधोमध दोन तुकडे झाले आणि झाकण गटाराच्या पाण्यात कुठेतरी वाहून गेले. बंपरला ओरखडाही नव्हता. त्यामुळे काम किरकोळ दिसत होते, परंतु ते पुरे व्हायला नोव्हेंबर उजाडला. हाताचे काम एका सकाळचे होते. बाकीचा सगळा काळ कागद, सुटा भाग आणि रंग यांनी खाल्ला. ज्यांच्यावर असे काम येईल, त्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज यावा, म्हणून हे लिहीत आहे.

पट्टी तुटल्यावर पहिली काळजी होती ती उरलेला तुकडा घोडबंदर रस्त्यावर वाऱ्याने उडून मागच्या दुचाकीस्वाराला लागू नये, याची. तुटलेले दोन्ही भाग काढून मी एका डब्यात ठेवले आणि फवाऱ्याच्या भोकावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. तुकडे जपून ठेवण्याचा फायदा पुढे अनेकदा झाला. पट्टीच्या आतल्या अंगाला सुट्या भागाचा क्रमांक आणि प्लॅस्टिकचा प्रकार कोरलेला असतो. माझ्या पट्टीवर ‘एबीएस’ आणि झाकणावर ‘पीपी’ असे होते. झाकण हरवले असले, तरी डावीकडचे पाहून ते कळले. हा तपशील रंगाऱ्याला लागतो, कारण पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहजासहजी धरत नाही आणि त्यासाठी रंगाआधी वेगळा चिकटवणारा थर मारावा लागतो, तर एबीएसला त्याची फारशी गरज नसते.

ऑगस्टच्या मध्यावर मी नवी मुंबईतल्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तिथे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागितली, चासिस क्रमांकावरून भाग शोधला आणि मग एस्टिमेट दिले. आपल्या गाडीचे मॉडेल आणि साल सांगून भागू शकते, असे वाटत असेल तर तसे नाही. एकाच मॉडेलमध्ये फवारा असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांचे भाग वेगळे असू शकतात, म्हणून सतरा अक्षरांचा चासिस क्रमांक हाच खरा आधार. सर्व्हिस ॲडव्हायझरने डावी पट्टीही हलवून पाहिली. तिची एक कडी, म्हणजे पाठीमागचा खाचेत अडकणारा आकडा, आधीच चिरलेली होती आणि वरचा पारदर्शक थर पापुद्रे सुटल्यासारखा झाला होता. चौदा वर्षांचे ऊन खाल्लेले प्लॅस्टिक ठिसूळ होणारच. त्यामुळे दोन पट्ट्या, एक झाकण आणि क्लिपांचा संच अशी मागणी ठरली. भागांची किंमत १९,७०० रुपये, त्यावर २८ टक्के जीएसटी म्हणजे ५,५१६ रुपये, रंग आणि मजुरीचे ९,००० रुपये व त्यावर १८ टक्के कर; एकूण ३५,८३६ रुपये. भाग कंपनीकडून रंगवून येत नाहीत, ते प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारलेले, राखाडी येतात, ही गोष्ट बऱ्याच जणांना एस्टिमेट हातात पडल्यावरच कळते. दुकानदार ‘नवीन पट्टी’ म्हणतो तेव्हा ती कोणत्या अवस्थेत येणार, हे विचारून घ्यावे.

एवढा आकडा पाहिल्यावर विम्याची आठवण होणे साहजिक होते. मी पॉलिसी काढून शांतपणे हिशेब मांडला आणि तो इथे सविस्तर देतो, कारण अनेक जण हा हिशेब न करताच दावा दाखल करतात. आपल्याकडच्या मोटार विम्यात झिरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे भागाच्या जुनेपणाची कपात (घसारा) माफ करणारे, जादा संरक्षण नसेल, तर रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रंगकामाच्या एकत्रित बिलातला २५ टक्के भाग साहित्याचा धरतात आणि त्यावरही ५० टक्के कापतात. शिवाय १,५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या खासगी गाडीला २,००० रुपयांची सक्तीची वजावट असते, म्हणजे तेवढी रक्कम मालकानेच सोसायची. डावी पट्टी वयोमानाने खराब झालेली असल्यामुळे नुकसानाची पाहणी करणारा सर्व्हेअर ती मान्य करणार नाही, हे उघड होते. उजव्या बाजूपुरता हिशेब केल्यावर विमा कंपनीकडून जेमतेम दहा हजार रुपये मिळाले असते. दुसरीकडे, माझा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, ५० टक्क्यांवर पोहोचलेला आहे. हा बोनस पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० असा पायरीपायरीने वाढतो आणि एका दाव्याने पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. माझ्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर ही सवलत वर्षाला सुमारे सतरा हजारांची आहे. दहा हजारांसाठी पहिल्याच वर्षी सतरा हजार आणि पुढची काही वर्षे उरलेली सवलत घालवण्यात अर्थ नव्हता. विमा कंपनीला फोनसुद्धा केला नाही.

मग स्वस्त पर्याय शोधले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार आहे, तिथे एका दुकानात याच मॉडेलची लाल रंगाची पट्टी मिळाली. दुकानदार चार हजार म्हणाला. पट्टी वरून ठणठणीत होती, परंतु उलटी केल्यावर दोन कड्या मुळातून मोडलेल्या दिसल्या. याचे कारण सोपे आहे: मोडीतली गाडी खोलताना बंपर ओढून काढतात आणि त्या ओढाताणीत पट्टीच्या कड्या आधी जातात. चकाकी पाहून पट्टी घेऊ नये, पाठ पाहून घ्यावी. परदेशातून कुरिअरने मागवण्याचाही विचार केला. तिथली मूळ किंमत कमी दिसते, पण सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवरच नव्हे, तर वाहतूक खर्च आणि विमा धरून आकारतात, शिवाय कुरिअर कंपनीला केवायसीची कागदपत्रे द्यावी लागतात आणि तिचे स्वतःचे हाताळणी शुल्क वेगळे. लांब, बारीक, सहज मोडणारी वस्तू असल्याने खोका मोठा आणि त्यामुळे भाडेही मोठे. हिशेबाअंती फरक इतका थोडा उरला की वाटेत मोडून आली तर परत कोणाला करायची, या एका प्रश्नापुढे तो पर्याय मी सोडून दिला.

याच सुमारास ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि गाड्यांच्या सर्व सुट्या भागांवरचा कर २२ सप्टेंबरपासून सरसकट १८ टक्के होणार, असे जाहीर झाले. गणपती नुकतेच आलेले, पाऊस अजून जोरात, गाडी तशीही फारशी बाहेर निघत नव्हती. त्यामुळे थांबण्यात काही गमावण्यासारखे नव्हते. सर्व्हिस ॲडव्हायझरला मी फोन करून ‘एस्टिमेट नव्या दराने पुन्हा द्याल का’ असे विचारले. तो म्हणाला, ‘साहेब, आज फोन करणारे तुम्ही पहिले नाही.’ २३ सप्टेंबरला नवे एस्टिमेट मिळाले. भागांवरचा कर ५,५१६ रुपयांवरून ३,५४६ वर आला. रंग आणि बसवण्याचे काम मी त्यातून वगळले आणि फक्त भागांचे २३,२४६ रुपये भरले. खास मागवलेला भाग परत घेत नाहीत, म्हणून संपूर्ण रक्कम आगाऊ द्यावी लागते आणि तशा मजकुराच्या फॉर्मवर सही करावी लागते. त्या फॉर्मवर भागांचे क्रमांक लिहिलेले असतात. सही करण्यापूर्वी मी ते जुन्या तुकड्यांवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिले. उजव्या पट्टीचा शेवटचा अंक वेगळा होता. चौकशी केल्यावर तो जुन्या क्रमांकाच्या जागी आलेला सुधारित क्रमांक असल्याचे संगणकावर दाखवण्यात आले आणि ती नोंद मी फॉर्मवरच लिहून घेतली.

तीन ते चार आठवडे सांगितले होते. दसरा गेला, कोजागिरी गेली. चौकशीच्या फोनला ‘भाग निघाला आहे’ यापलीकडे उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर त्याहून जास्त माहिती त्या बिचाऱ्यांकडेही नसते. १७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी, भाग आल्याचा संदेश आला. काउंटरवरच खोका उघडून कड्या, टोके आणि कोपरे पाहून घेतले आणि मगच पोचपावतीवर सही केली.

यानंतरची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: रंगवण्याआधी भाग गाडीवर बसवून पाहणे. रंग लागला की कोणताही भाग कोणी बदलून देत नाही. यासाठी जुनी डावी पट्टी काढावी लागणार होती. आमच्या सोसायटीच्या वाहनतळात गाडीचे काम करायला मनाई आहे, तेल सांडते म्हणून. सेक्रेटरींना अर्ज लिहून, तेलाचे किंवा पाण्याचे काही काम नाही, असे कळवले आणि रविवारी सकाळची लेखी परवानगी घेतली. ‘लिहून कशाला, काका’ असे पुतण्या म्हणाला. मात्र त्या कागदामुळे पुढे वॉचमनशी आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी होणारा संवाद फारच थोडक्यात आटोपला.

पट्टी काढण्याचे काम असे चालले. दिवे बंद, किल्ली घरात. झेनॉन दिवा (तारेऐवजी वायूतल्या विद्युत ठिणगीने उजेड देणारा) पेटताना त्याच्या जोडणीत हजारो व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे त्याच्या आसपास हात घालताना ही खबरदारी हवीच, जरी मला दिवा सोडवायचा नव्हता. हेडलाइटची बाहेरची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावरचा कडक थर लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने एका फटक्यात जातो आणि थिनर किंवा पेट्रोलने ती तडकते. म्हणून काचेच्या खालच्या कडेला आणि बंपरच्या वरच्या कडेला मास्किंग टेपचे दोन थर लावले आणि फक्त प्लॅस्टिकची पाती वापरली. त्या पात्यांचा संच साडेचारशे रुपयांना मिळतो. बॉनेट उघडल्यावर पट्टीच्या आतल्या टोकाला एक टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचा) स्क्रू दिसतो. तो काढला आणि बंपरच्या वरच्या काठावरच्या त्या बाजूच्या दोन क्लिपा सैल केल्या, त्यामुळे बंपर थोडा खाली दबतो आणि पट्टीला बाहेर यायला वाट मिळते. ही वाट न करता पट्टी उचकटली, तर कड्या मोडतात. मग आतले टोक आधी स्वतःकडे ओढायचे, एकेक कडी ‘टक’ आवाज करत सुटू द्यायची आणि शेवटी संपूर्ण पट्टी गाडीच्या मध्याकडे सरकवायची, कारण तिच्या बाहेरच्या टोकाची जीभ मडगार्डखाली अडकवलेली असते. ती जीभ सरळ पुढे ओढली, तर मडगार्डच्या कडेचा रंग उडतो. प्लॅस्टिक गार असताना कडक असते, म्हणून हेअर ड्रायरने पट्टी कोमट करून घेतली. जुनी पट्टी ठिसूळ झाल्याने तिची एक कडी तरीही तुटली आणि बंपरच्या पोकळीत पडली. ती अजून तिथेच असावी.

नव्या राखाडी पट्ट्या दोन्ही बाजूंना नीट बसल्या. काचेपासूनची फट दोन्हीकडे सारखी आली, याचे फोटो काढून ठेवले आणि पट्ट्या पुन्हा काढल्या.

रंगाचे काम वागळे इस्टेटमधल्या एका मिस्त्रींकडे दिले. ते दिवाळीला कोकणात गावी गेले ते भाऊबीज करूनच परतले, आणि परतल्यावरही हवा दमट म्हणून त्यांनी आणखी काही दिवस थांबायला लावले. दमट हवेत रंगाच्या थरातून द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प जमते आणि पारदर्शक थर दुधाळ दिसू लागतो. हे त्यांनी मला एका जुन्या दरवाज्यावर दाखवले, तेव्हा घाई करण्याचा प्रश्नच उरला नाही.

आमची खरी चर्चा झाली ती छटेवर. माझी गाडी रुपेरी करड्या मेटॅलिक रंगाची आहे आणि रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो. सर्वसाधारण समज असा की कोड दिला की रंग जुळतो. तसे होत नाही. एका कोडच्या अनेक छटा असतात, शिवाय वर्षानुवर्षांच्या उन्हाने गाडी बदलते. मेटॅलिक रंगातले ॲल्युमिनियमचे कण फवारताना ओल्या थरात कसे आडवे पडतात, यावर समोरून आणि तिरकस पाहताना दिसणारा उजेड ठरतो, त्यामुळे तोच डबा दोन हातांनी मारला तर दोन छटा दिसतात. त्यातच माझा बंपर पूर्वीच्या मालकाने कधीतरी रंगवून घेतला असल्याने तो बॉनेटपेक्षा किंचित काळपट आहे. मिस्त्री बॉनेटला जुळवायचे म्हणत होते, कारण बॉनेट मूळ रंगाचे. माझे म्हणणे असे पडले की पट्टीला लागून बंपर आहे, बॉनेट नव्हे. मध्ये हेडलाइटची अख्खी काच आहे, त्यामुळे डोळ्याला फरक दिसेल तो बंपरशीच. त्यांनी तराजूवर तोलून दोन मिश्रणे केली, पत्र्याच्या पट्ट्यांवर मारली, वर पारदर्शक थरही दिला, कारण त्याशिवाय छटा कळतच नाही, आणि वाळल्यावर आम्ही त्या बंपरशेजारी उन्हात, सावलीत आणि गुडघ्यावर बसून तिरकस पाहिल्या. बंपरला जुळणारी निवडली. मिस्त्रींना अजूनही ते पटलेले नाही.

प्रायमर मारून आलेल्या भागाला पुट्टीची गरज नसते. बारीक ओल्या पॉलिश पेपरने हलकेच घासले की पुरते. झाकणाला प्रायमर असल्याने चिकटवणाऱ्या थराची गरजही फक्त उघड्या कडांपुरती उरली. एक गोष्ट मात्र मी आधीच सांगून ठेवली होती: पट्टीच्या कड्यांवर, जिभेवर आणि झाकणाच्या आतल्या दोन दातांवर टेप लावूनच रंग मारायचा. रंगाचे थर चढले की या जागा जाड होतात, कडी खाचेत जाताना अडते आणि दाबली की रंगासकट तडकते. मोठ्या गॅरेजमध्येही याकडे दुर्लक्ष होते आणि मग ‘नवीन भागच असा आला’ म्हणतात. हार्डनर (थर कडक करणारे रसायन) घातलेला पारदर्शक थर मारताना मिस्त्रींनी चांगला मास्क वापरला, हे पाहून बरे वाटले. त्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासनलिकेला घातक असते आणि घरच्या घरी स्प्रे मारायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. तीन नगांचे ३,६०० रुपये झाले.

१६ नोव्हेंबरच्या रविवारी बसवण्याचे काम केले. सुरुवातीला वाहनतळाच्या भिंतीवर लो बीमची (खाली झुकलेल्या झोताची) कड कुठे येते, तिथे टेपची खूण केली. हेडलाइट हलवला नव्हता, तरी शेजारच्या क्लिपा सैल केल्यावर ही खात्री करून घेणे सोपे असते. काम झाल्यावर कड त्याच खुणेवर होती. क्लिपा सगळ्या नव्या लावल्या. बसवण्याचा क्रम उलटा: आधी बाहेरची जीभ मडगार्डखाली, मग बाहेरून आत एकेक कडी अंगठ्याने दाबत जायचे आणि शेवटी स्क्रू, तोही हातानेच, बेताने. फवाऱ्याच्या झाकणाला दोन माणसे लागतात. फवाऱ्याची नळी पाण्याच्या दाबाने पुढे येते आणि स्प्रिंगने मागे जाते. ती बोटांनी बाहेर ओढून एकाने घट्ट धरायची आणि दुसऱ्याने झाकणाचे दात तोंडावर अडकवायचे. पुतण्याने नळी धरली होती. झाकण बसल्यावर नळी अलगद आत सोडली आणि फवारा चालवून ते बाहेर येते, परत जाते आणि चौकटीत सपाट बसते, हे पाहिले. हे झाकण नुसते शोभेचे नाही. २,००० ल्युमेनपेक्षा (ल्युमेन हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रखर दिव्यांना युरोपच्या नियमांत हेडलाइट धुण्याची सोय सक्तीची आहे, म्हणून तो फवारा असतो आणि झाकण त्याचे भोक धूळ-चिखलापासून बंद ठेवते.

एकूण खर्च, भाग २३,२४६, रंग ३,६०० आणि अवजारे, टेप वगैरे ८५० मिळून २७,६९६ रुपये झाला. भागांचे जीएसटीचे बिल आणि मिस्त्रींची हातपावती गाडीच्या फाइलमध्ये लावली आहे, कारण पुढे कधी त्याच कोपऱ्याला अपघात झाला, तर ‘हे आधीचे नुकसान’ या आक्षेपाला उत्तर म्हणून तोच कागद लागतो.

मिस्त्रींनी महिनाभर मेण न लावण्याची आणि प्रेशर पंपाने न धुण्याची सूचना केली होती. तोवर मऊ कापडाने पुसत राहिलो. सर्व्हिसिंगच्या वेळी आता मी जॉब कार्डवरच लिहून देतो की पंपाचा झोत हेडलाइटच्या कडेला जवळून मारू नये, कारण पट्टीच्या कडेतून शिरलेला झोत तिला मागून ढकलतो. उजव्या बाजूची फट डावीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त आहे. ती बंपरच्या बाजूची आहे आणि बंपर उतरवल्याशिवाय सुधारत नाही, तेव्हा पुढे कधी रेडिएटरच्या कामासाठी बंपर निघेल, त्या वेळी ती जुळवून घेईन. त्याच वेळी आत पडलेली कडीही निघेल.